हेमावतीचं चाकाचं धनुष्य

गिरणीचा दुसरा भोंगा होऊन गेला होता. स्टोव्हवर दूध, तव्यावर भाकरी आणि ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता. आमच्याकडची रोजचीच सकाळ. तेवढ्यात कडी वाजली.

आमच्या गल्लीत सकाळी कडी कुणी वाजवत नाही. उसनं मागायला आलेली बाई रस्त्यातूनच हाक मारते, पेपरवाला पेपर फेकतो, दूधवाला भांडं आपटतो. म्हणून मी पिठाच्या हातानेच दार उघडलं. समोर हेमावती उभी. आमच्या समोरच्या घरातली, मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवणारी. दोन्ही हातांवर तिने जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक धरलं होतं, झोपलेलं मूल धरावं तसं. कडी तिने कोपराने वाजवली होती.

"वहिनी, तुमचं इंग्रजी चांगलं आहे ना?"

"कॉलेजात होतं. का गं?"

"अप्पांनी धनुष्य बिघडवलं," ती म्हणाली आणि आत येऊन खाटेवर ते लुगडं उलगडलं.

ह्यांनी मोजा शोधायचं सोडून दिलं. मीही भाकरी करपू दिली. धनुष्य म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. मधे लोखंडी मुठीचा भाग, त्याला वर-खाली जाड पट्ट्यांचे दोन हात, दोन्ही हातांच्या टोकाला खेळण्यातल्या सायकलला असावीत एवढी चाकं, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या पोलादी तारा. त्यातली खालची तार चाकावरून उतरून लोंबत होती. दोरीचे दोन-तीन पदर पिंजले होते. आणि ह्या सगळ्यावर हळद-कुंकू.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतरची. पण हेमावती कळायची तर थोडं मागे जायला हवं.

तिचे वडील रेवणप्पा अडते. मंगळवेढ्याची ज्वारी त्यांच्या अडतीत उतरायची. वय झाल्यावर दुकान पुतण्याकडे देऊन ते घरी बसले. बायको आधीच गेलेली. थोरला मल्लिकार्जुन इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, आणि हेमावती अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून परत आली. एकतीस वर्षांची, बुटकी, घट्ट बांध्याची, चालताना पदर खोचून चालणारी. स्थळं येत होती. "मुलगी शिट्टी वाजवते म्हणं," असं एका स्थळाने विचारल्यावर रेवणप्पांनी "व्हय, आन् ती वाजली की चारशे पोरी एका रांगेत उभ्या ऱ्हातात. तुमच्या घरात किती हायती?" असं उत्तर दिलं होतं. ते स्थळ अर्थात गेलं.

अमरावतीला हेमावती वेळूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकली होती आणि त्यात तिचा हात बसला होता. ते खूळ तिने सोलापुरात आणलं ते स्वतःसाठी नव्हे. तिच्या शाळेत एक दगडी पायऱ्यांचा जिना मैदानात उतरायचा. ड्रिलच्या तासाला सहावी-सातवीच्या मुली खो-खो खेळायच्या. आठवी-नववीच्या बऱ्याच मुली त्या पायऱ्यांवर बसून राहायच्या. कुणाची आई म्हणायची, आता पळू नको. कुणी साडीत आलेली, कुणाचं लग्न ठरलेलं. "बाई, पोटात दुखतंय," एवढं म्हटलं की सुटका. "वहिनी, दरवर्षी पायरीवरची गर्दी वाढते," हेमावती मला एकदा म्हणाली होती. "ह्या पोरींना उभ्या उभ्या करता येईल असं काहीतरी पाहिजे की. साडी असू दे, परकर असू दे. पळायचं नाही, उडी मारायची नाही. त्यांच्या आयांना नाही म्हणायला जागाच राहू नये."

ते काहीतरी म्हणजे तिरंदाजी. चार वर्षं ती शाळेच्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, मागे लागली होती. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, भित्र्या होत्या. "काठ्या वाकवून पोरींच्या हातात द्यायच्या आणि कुणाचा डोळा गेला तर?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग श्रावणात मल्लिकार्जुन सुट्टीवर आला. तिकडे कारखान्यातल्या लोकांच्या क्लबात तो हे चाकाचं धनुष्य चालवायचा. नवं घेतलं म्हणून जुनं बहिणीसाठी घेऊन आला. रेवणप्पांनी पहिला प्रश्न केला, "हरणं मारतोस काय रं तितं?" लिंगायताच्या घरात तो प्रश्न साधा नव्हे. "नाही अप्पा, गवताच्या भाऱ्याला मारतो," असं त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं तेव्हा कुठे पेटी घरात आली.

आणि जे चार वर्षांत वेळूला जमलं नाही ते त्या पेटीवरच्या अमेरिकन चिठ्ठीला जमलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "डिसेंबरात क्रीडादिन आहे. पालकांसमोर दाखव. नीट झालं तर मुलींचा वर्ग सुरू करू. एक बाण जरी इकडे-तिकडे गेला तर मात्र हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

म्हणजे बिघडलेलं धनुष्य खाटेवर पडलं होतं तेव्हा काय पणाला लागलं होतं ते मला माहीत होतं.

"पण अप्पांनी केलं काय?" मी विचारलं.

खंडेनवमीला त्यांच्याकडे तराजू, मापं, काटे यांची पूजा मांडतात. हेमावतीने त्यांच्या शेजारी धनुष्य ठेवलं. ते तिलाही हवंच होतं. रेवणप्पांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आरती केली. मग त्यांना वाटलं, शस्त्राची पूजा टणत्कार झाल्याशिवाय पुरी कशी व्हायची? लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं, वीर धनुष्य उचलतो आणि आधी दोरी छेडतो, तिन्ही लोक हादरतात. हेमावती नैवेद्य आणायला आत गेली होती. तालमीत कमावलेला माणूस, सत्तरीतही दंड शाबूत. त्यांनी बाणाशिवाय दोरी अर्धीअधिक ओढली आणि सोडून दिली.

"टणत्कार झाला का?" ह्यांनी विचारलं.

"पत्र्याच्या डब्यावर वीट पडल्यासारखा झाला," हेमावती म्हणाली. "बाण नसताना दोरी सोडायची नसते. सगळा जोर बाणाबरोबर जायचा तो धनुष्यातच फिरतो. मी अप्पांना हे सांगितलंच नव्हतं. कोण असं करेल असं वाटलंच नाही." मग खालच्या आवाजात, "काल दिवसभर ते जेवले नाहीत आणि बोललेही नाहीत. वहिनी, पेटीतलं पुस्तक आहे. मला वाचता येतं, पण एकेक शब्द अडतो. चूक परवडणार नाही."

मी म्हटलं, "ह्यांचा मोजा सापडू दे, मग येते."

दुपारी मी गेले. रेवणप्पा सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला पाहून म्हणाले, "या बाई. धनुर्भंग झालाय आमच्या घरी. आता नवरदेव तेवढा यायचा हाय." हेमावतीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना बोलताना पाहून तिच्या खांद्यांवरचा भार मात्र उतरलेला दिसला.

पुस्तकात पहिलं काम होतं धनुष्याच्या हातांना चीर गेली आहे का ते बघायचं. डोळ्यांना दिसणार नाही अशी चीरही धोक्याची. त्यासाठी कापूस फिरवा, म्हणून लिहिलं होतं. चीर असेल तिथे तंतू अडकतो. मी घरून वातीचा कापूस आणला. हेमावतीने तो दोन्ही हातांवरून, कडांवरून, सावकाश फिरवला. रेवणप्पा भिंतीकडून केव्हा वळले कळलं नाही. एकदा तंतू अडकला आणि आम्ही तिघंही त्यावर वाकलो. तो वाळलेल्या हळदीचा खडा निघाला.

चीर नव्हती. पण खालच्या चाकाच्या खोबणीत कुंकू घट्ट बसलं होतं. ते जुन्या ब्रशने काढताना हेमावती म्हणाली, "तार सरकायला हेही कारण असेल."

"कुंकवाला नावं ठेवू नका," रेवणप्पा म्हणाले. "माझं हात वाईट म्हना."

मग तार चढवायची. दोन्ही हात मुठीच्या भागाला एकेका बोल्टने आवळलेले असतात. ते एल आकाराच्या पान्याने सैल करायचे. पण वरचा जेवढा फिरवला तेवढाच खालचा, एक वेढाही कमी-जास्त नाही, आणि बोल्ट पुरता बाहेर कधीच काढायचा नाही. मी वाचून सांगायची, हेमावती पाना फिरवायची आणि मोठ्याने मोजायची. तार सैल पडली तशी तिने दोरी जरा खेचली आणि रेवणप्पांनी, न सांगता पुढे येऊन, दोन बोटांनी तार खोबणीत बसवली. लगेच मागे सरून हात धोतराला पुसले. पेटीत मल्लिकार्जुनने जादा दोरी ठेवली होती, ती लावली.

खरी गंमत पुढे होती. ते धनुष्य मल्लिकार्जुनच्या मापाचं होतं आणि तो सहा फूट. साधं धनुष्य हवं तेवढं ओढून सोडता येतं. ह्या चाकाच्या धनुष्याला मात्र ओढण्याची एक ठरलेली लांबी असते. तिथवर पोचलं तरच त्याचा फायदा. बिघडण्याआधीही हेमावतीला ते जमत नव्हतंच. दोरी कानामागे गेली तरी धनुष्याचं समाधान होत नव्हतं, आणि तिला वाटायचं, आपलंच बळ कमी पडतं. दोन महिने ती रोज सकाळी जोर काढत होती. पुस्तक वाचताना कळलं की दोष बळाचा नव्हता, मापाचा होता.

मी शिवणाच्या मशीनची टेप आणली. हेमावतीला भिंतीशी हात पसरून उभं केलं, एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत मापलं आणि अडीचने भागलं. चाकावर तारेसाठी तीन खाचा होत्या, ओढीच्या तीन वेगळ्या लांबींसाठी. तार सगळ्यात आखूड ओढीच्या खाचेत घेतली. "ब्लाऊजच्या शिवणी आत घेतल्यासारखंच आहे की," ती म्हणाली.

आता ताण किती तो मोजायचा होता. रेवणप्पा उठले आणि अडतीतला जुना स्प्रिंगचा काटा घेऊन आले. पाळण्याच्या कडीला काटा टांगला, काट्याच्या आकड्यात धनुष्याची दोरी अडकवली, आणि हेमावती मूठ धरून खाली ओढू लागली. रेवणप्पा नाकावर चष्मा चढवून काट्याखाली उभे. काटा दहा, चौदा, सतरा किलोवर गेला. आणि मग, ती आणखी खाली ओढत असताना, तो सरसर उतरून नवावर आला.

"थांब," रेवणप्पा म्हणाले. "पुन्ना वड."

तिने पुन्हा ओढलं. पुन्हा सतरा, पुन्हा नऊ.

"माल वाढतोय आन् काटा उतरतोय?" त्यांचा चेहरा खरोखर गंभीर झाला. "चाळीस वर्सं काट्याखाली काढली मी. असा काटा आमच्या अडतीत दिसला असता तर शेतकऱ्यांनी मला त्याच्यावरच टांगला असता." ते आत गेले, दहा किलोचं शिक्क्याचं माप आणलं आणि काट्याला लावून पाहिलं. काटा बरोबर दहावर थांबला. माप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा दहा. काटा खरा निघाल्यावर ते जास्तच अस्वस्थ झाले.

मी त्यांना चाक दाखवलं. चाकाचं भोक मधोमध नाही, एका अंगाला आहे. फिरताना आधी भार तुमच्यावर येतो. जड जागा ओलांडली की अर्धा भार चाकच पेलतं.

"म्हंजे पैल्यांदा लई जड, मग हलकं."

"हो अप्पा," हेमावती म्हणाली. "मग थांबता येतं. नेम धरायला सवड मिळते."

त्यांनी थोडा विचार केला. "सासरी नांदण्यासारकं हाय म्हन की."

हेमावतीने धनुष्य खाली ठेवलं. "तिथं जड जागा संपते असं तुम्हाला कोण म्हणालं? वहिनींना विचारा."

रेवणप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

सतरा किलो तिला झेपत होतं. मल्लिकार्जुनच्या वेळी ते बावीसच्या वर असणार. दोन्ही बोल्ट त्या हिशोबात ठेवले आणि मुलांच्या फूटपट्टीने वरच्या हातापासून दोरी, खालच्या हातापासून दोरी, अशी अंतरं सारखी करून घेतली. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा, बाण लावून, ते पुरतं ओढलं. सोडलं नाही. ओढून नुसती थांबली. दोरी गालाशी, कोपर सरळ रेषेत, आणि हात थरथरत नव्हते. मग सावकाश परत नेलं. "हे माझं आहे," ती म्हणाली. कौतुकाने नव्हे, बाजारात आपली पिशवी ओळखावी तशी.

पण ओढता येणं आणि बाण सरळ जाणं या वेगळ्या गोष्टी. घरामागे रेवणप्पांची जुनी वखार होती, लांबट, आता रिकामी. टोकाला कडब्याच्या पेंढ्यांची आणि भरल्या पोत्यांची भिंत रचली. अलीकडे नवार निघालेली एक खाट उभी केली आणि तिच्या चौकटीवर पेपर ताणून लावला. बाण पेपरातून आरपार जायचा आणि कसा फाडतो ते बघायचं. सरळ गेला तर एक भोक आणि पिसांच्या तीन चिरा. बाणाचं शेपूट वर उचललं गेलं तर पेपर वरच्या अंगाला फाटतो, बाजूला झुकलं तर बाजूला. वखारीचं दार आतून लावायचं, आणि हेमावती बाण हातात घेणार तेव्हा सगळ्यांनी तिच्या पाठीमागे. हा तिचा नियम. रेवणप्पांचाही एक नियम होता: बाजारभावाचं पान लावायचं नाही.

पहिला पेपर वरच्या अंगाला वीतभर फाटला. दोरीवर बाण बसतो तिथे दोऱ्याची गाठ असते. ती केसभर खाली घ्यायची. तेवढ्याने थांबायचं, पुन्हा मारून बघायचं. पण हेमावतीला घाई. तिने गाठही हलवली आणि बाण टेकतो ती पट्टीही. आता पेपर तिरका फाटू लागला, कुणामुळे ते कळेना. दोन संध्याकाळी तशाच गेल्या. ती चिडचिडी झाली, शाळेतून येऊन चहाही न घेता वखारीत जायची.

तेव्हा रेवणप्पाच म्हणाले, "पोरी, चार पोती एकदम काट्यावर घालून कुटलं वलं ते कसं कळंल? एकेक घाल." ती त्यांच्याकडे रागाने पाहत राहिली, मग हसली, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून फक्त गाठीपासून सुरुवात केली. वरची फाट आखूड होत गेली आणि नाहीशी झाली. मग पट्टी, एका वेळी जराशीच. मी रोज भाजी निवडायला तिकडेच घेऊन बसायची. शेवटी एका संध्याकाळी पेपरवर एक गोल भोक आणि तीन नीट चिरा. रेवणप्पांनी तो कागद खाटेवरून उतरवला, उजेडात धरला आणि म्हणाले, "सिनेमाच्या जाहिरातीतनं गेलाय. चालतंय."

डिसेंबरातल्या क्रीडादिनाला मैदानाच्या कडेला पालक बसले होते. दुसऱ्या टोकाला कडब्याच्या पेंढ्यांवर पांढरा कागद. हेमावतीने पदर पिनांनी घट्ट लावला होता आणि डाव्या हातातल्या बांगड्या उतरवून तिथे जुन्या दप्तराच्या कापडाची पट्टी बांधली होती. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "एकाच हातात बांगड्या?" मी म्हटलं, "दोरी लागते हो." त्या म्हणाल्या, "असं होय," आणि पुढच्या बाईला तेच सांगितलं.

सुरू करायला उशीर झाला, कारण मागचं फाटक. पलीकडच्या गल्लीतले लोक पाण्याला, दळणाला त्या फाटकातून मैदान ओलांडून जातात. शिपाई एकाला थांबवायचा तर दुसरा यायचा. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. हेमावती धनुष्य खाली धरून शांत उभी. शेवटी रेवणप्पा स्वतःच जाऊन काठी आडवी धरून फाटकात उभे राहिले. "दोन मिंटं. माझी पोरगी बाण मारतीया," ते प्रत्येकाला सांगत होते, आणि लोक परत न जाता तिथेच बघायला थांबत होते.

तिने पहिला बाण मारला. आवाज असा काही झालाच नाही. कडब्यात "खप्" झालं तेवढंच. लोकांना वाटलं, अजून मारायचा आहे. दुसरा बाण पहिल्याशेजारी उभा राहिलेला दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. तिसरा जरा खाली, पण कागदातच.

मी पायऱ्यांकडे पाहत होते. तिथल्या मुली उभ्या राहिल्या होत्या. त्यातली नववीतली एक, साडी नेसलेली, खाली उतरून हेमावतीजवळ आली.

"बाई, ह्यात पळायचं नसतंय?"

"नसतं."

"मग आई न्हाई म्हणणार न्हाई," ती म्हणाली आणि वर जाऊन तिने ते बाकीच्यांना सांगितलं.

कार्यक्रमानंतर मोठ्या बाईंनी आम्हाला ऑफिसात चहाला बोलावलं. त्यांचा चेहरा सैल झाला होता, आणि सैल झाला की त्या मोठं बोलतात. "हेमावती, मान गए. आता संस्थेला पत्र लिहू. अशी पाच तरी अमेरिकेतून आणवू. तुझा भाऊ आहेच."

"नको बाई," हेमावती म्हणाली. "हे माझ्या मापाला बसवलंय. पोरींना ते ओढणारही नाही. त्यांना वेळूची करीन, प्रत्येकीच्या मापाची. बुरूडगल्लीत बोलून ठेवलंय."

"बरं. मग कडबा? बाण? मैदान आखून पाहिजे? सांग ना."

"ते माझं मी बघते."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "मग शाळेने काय करायचं? तुला पाहिजे तरी काय?"

हेमावती उठून उभी राहिली. बाईंशी शाळेचं बोलायचं तर ती नेहमी उभी राहूनच बोलते.

"शनिवारी सकाळी मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे द्या, बाई. मुली बाण मारत असताना ते बंद पाहिजे."